मीठ फुटलेली भिंत

लहानपणी पसारा केला की आई म्हणायची,
घराचा पार गोठा करून ठेवलाय.
आता इचलकरंजीहून फोनवर विचारते,
झालं का गं गोठ्याचं घर?
आणि स्वतःच हसते, खोकला येईपर्यंत.

झालं. म्हणजे होतंय.
क्लिथरोच्या वरच्या अंगाला, जिथे रस्ता
मेंढ्यांना विचारून वळतो,
तिथला दगडी गोठा. इकडे त्याला शिपन म्हणतात.
छतावर पाट्या, आमच्या शाळेतल्यासारख्याच काळ्या,
फक्त कुणी काही न लिहिलेल्या.
परवानगीला अकरा महिने गेले,
त्यातला अख्खा उन्हाळा वटवाघळांसाठी.
एक बाई अंगणात खुर्ची टाकून मोजत बसायची
तिन्हीसांजेला कोण बाहेर पडतं.
सात निघाली.
सातांची सोय आधी झाली, आमची नंतर.

गव्हाणीच्या जागी ओटा आला.
तिथल्या भिंतीतली लोखंडी कडी हेरंबने काढू दिली नाही,
तिला आम्ही बाजाराच्या पिशव्या अडकवतो.
समोर, शेणाच्या पन्हळीतून,
आता गरम पाण्याच्या नळ्या जातात.

इयान गवंडी म्हणाला होता, चुना लावा,
जुन्या भिंतीला श्वास लागतो.
आम्ही हिशेब केला आणि जिप्सम लावलं.

पहिल्याच हिवाळ्यात डाग आले.
कमरेच्या खाली, एका रांगेत,
सारख्या अंतरावर चार.
रंग मारला. आले.
पुन्हा मारला. फुगले, पोपडे धरून पडले.
मी ब्लॅकबर्नच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढते;
नको तिथल्या पांढऱ्या ठिपक्यांकडे बघायची
सवय आहे मला, आणि चेहरा कोरा ठेवायचीही.
घरच्या भिंतीपुढे ते जमेना.
बोट लावलं. भुगा, बारीक, चमकणारा.
चव काही घेतली नाही.
खोटं कशाला बोलू, घेतली.
खारट, आणि मागाहून जिभेला गार.

फेब्रुवारीत विनिफ्रेड हॅल्सॉल आल्या. वय सत्त्याऐंशी.
गोठा विकताना म्हणाल्या होत्या,
तुमचं घर बघायला मी येणार नाही.
आल्या. चहा घेतला, बिनसाखरेचा.
मग फ्रिजपाशी उभ्या राहून काठीच्या टोकाने
एकेक डाग दाखवत गेल्या:
ही डॅमसन.
ही पेग.
ही दुसरी पेग, पहिलीची लेक.
शेवटच्या, सगळ्यांत मोठ्या डागापाशी थांबल्या.
आणि ही क्वीनी, मेली,
कायम याच भिंतीवर मुतायची.

म्हणजे हे ते.
शंभर-सव्वाशे हिवाळे दगडाने पिऊन ठेवलेलं.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात;
भिंत बिचारी अजून जागीच,
आणि आम्ही तिच्या तोंडावर
महागातला पांढरा रंग थापत होतो.

इयान परत आला. काही बोलला नाही.
न बोलण्याचे पैसे बिलात धरलेले होते.
जिप्सम खरवडलं, चुना चढवला, तीन हात,
प्रत्येक हात वाळेपर्यंत आम्ही वरच्या माळ्यावर,
वटवाघळांच्या शेजारी.
चुना काही अडवत नाही, येणाऱ्याला येऊ देतो.

आता दर मार्चमध्ये मऊ कुंचल्याने
भिंत झाडते. डॅमसनपासून सुरुवात,
क्वीनी शेवटी, तिला वेळ लागतो.
सुपलीत मूठभर जमतं.
कचऱ्यात टाकवेना. पहिल्या वर्षी
दारामागच्या रुबार्बच्या बुडाशी टाकलं, भीतभीत,
म्हटलं, जळेल. तो माजला.
पानं अशी झाली की खाली मांजर पावसातून वाचावी.

एक जुडी विनिफ्रेडबाईंना नेऊन दिली,
खत कसलं तेही सांगितलं.
त्यांनी एक लालभडक देठ मोडला,
नाकाशी धरला, डोळे बारीक केले.
क्वीनी का?